उलटे आटे

अण्णांना अमेरिकेत काय बघायचे आहे असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी नायगाराचे नाव घेतले नाही. "डॉजचे गाव इथून किती लांब?" एवढेच त्यांनी विचारले. ही २००८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांचा सगळा नोकरीचा काळ गेला होता, आणि तरुणपणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या ट्रकांवर डॉज किंवा फार्गो ही नावे असत. आम्ही तेव्हा मिशिगनमध्येच राहत होतो. डॉजचे गाव आमच्या घरापासून पाऊण तासावर होते आणि तोपर्यंत आमच्या हे ध्यानातही आले नव्हते.

डेट्रॉइटच्या उत्तरेला ऑबर्न हिल्स नावाचे उपनगर आहे. क्रायस्लर कंपनीचे मुख्यालय तेथेच, आणि त्या आवारात १९९९ च्या ऑक्टोबरात वॉल्टर पी. क्रायस्लर संग्रहालय उघडले होते. हे संग्रहालय आज नाही. २०१२ च्या अखेरीस ते लोकांसाठी बंद झाले, २०१६ साली काही शनिवार-रविवारी पुन्हा उघडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायमचे मिटले. साहित्याच्या वाचकाने मोटारींच्या एका संग्रहालयासाठी का हळहळावे, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या साहित्यात मोटार येते ती बहुधा बंद पडण्यासाठी किंवा अडकण्यासाठी. पु. लं.ची 'म्हैस' एसटीला आडवी आली नसती तर कथाच झाली नसती. कोलटकरांच्या 'जेजुरी'चा आरंभ एसटीतून होतो खरा, पण गाडी पोचल्यावर तिच्याकडे कोण बघतो? मोटार घडवणाऱ्या माणसाकडे तर आपल्या वाङ्मयाने क्वचितच पाहिले आहे. असो.

कुर्ला आणि ऑबर्न हिल्स यांना जोडणारा दुवा म्हणजे वालचंद हिराचंद. सोलापुरात १८८२ साली जन्मलेला हा उद्योजक. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढावा ही कल्पना विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मांडत होते. वालचंदांनी ती उचलली, १९३९ साली अमेरिकेत जाऊन बोलणी केली आणि अखेर क्रायस्लरशी करार जमवला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांत डॉज, प्लिमथ, डीसोटो ही क्रायस्लर घराण्यातली नावे होती. पुढे पन्नासच्या दशकात त्याच कारखान्यात इटलीची फियाट आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. अमेरिकेत क्रायस्लर दिवाळखोरीत गेली ती २००९ साली, आणि फियाटचा हात धरून ती वर आली. फियाट आणि क्रायस्लर एका छपराखाली नांदणार याचे तिकडच्या वृत्तपत्रांना केवढे अप्रूप! कुर्ल्यातल्या फिटरांनी हा संसार अर्धशतकापूर्वीच पाहिला होता.

संग्रहालयाची इमारत तीन मजल्यांची होती. आत शिरताच मधल्या उंच चौकात एक मनोरा सावकाश फिरत असे आणि त्यावर मोटारी चढवलेल्या असत. अण्णांनी त्याकडे क्षणभरच पाहिले. "गाडी वर टांगली की खालून दिसते, तेवढाच फायदा," असे म्हणून ते पुढे गेले. मात्र वॉल्टर क्रायस्लरच्या चरित्राशी ते बराच वेळ थांबले, आणि तेथील मजकुराचे मराठी आम्हांला मोठ्याने सांगावे लागले. हा मनुष्य मुळात रेल्वेच्या कारखान्यातला कारागीर. कॅन्ससमध्ये १८७५ साली जन्मला. स्वतःची हत्यारे स्वतः बनवली. १९०८ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने लोकोमोबाइल नावाची पाच हजार डॉलरांची मोटार पाहिली. पदरी सातशे डॉलर होते, उरलेले कर्जाऊ काढले. मोटार आगगाडीने घरी आणली आणि चालवण्याऐवजी सुटी करायला घेतली. पुन्हा जोडली, पुन्हा सुटी केली. असे कित्येक वेळा झाल्यावरच ती रस्त्यावर आली. अण्णा म्हणाले, "हा आपल्यातला दिसतो."

वाचन म्हणजे काय, याच्या पुष्कळ व्याख्या आम्ही वर्गात शिकलो आणि शिकवल्या. त्यांतली एकही या मनुष्याने आपल्या कोठारात केलेल्या उद्योगाच्या जवळपास फिरकत नाही, असे त्या दिवशी वाटून गेले.

वरच्या मजल्यांवर जुन्या, प्रतिष्ठित मोटारी. १९३४ ची एअरफ्लो तेथे होती. वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन आकार ठरवलेली ही गाडी. त्या चाचण्यांत असे आढळले होते की त्या काळच्या सर्वसाधारण मोटारी पुढे जाण्यापेक्षा मागे जाताना वाऱ्याला कमी अडतात. गिऱ्हाइकाला मात्र तिचे बसके, गोल नाक रुचले नाही, आणि १९३७ नंतर ती बंद झाली. विक्रीत पडलेल्या गाडीला मानाची जागा देणारे संग्रहालय आम्हांला आवडले. आमच्या वाङ्मयेतिहासात पडलेल्या पुस्तकांना अशी जागा फार थोड्या वेळा मिळते.

आणि ती तांबूस रंगाची टर्बाइन मोटार. विमानाच्या इंजिनाच्या जातीचे इंजिन बसवून क्रायस्लरने अशा पंचावन्न मोटारी केल्या. १९६३ ते १९६६ या काळात त्यांतल्या पन्नास मोटारी आळीपाळीने दोनशे तीन कुटुंबांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या, त्याही विनामूल्य. प्रयोग संपल्यावर बहुतेक सगळ्या मोडून टाकल्या. उरल्या त्या नऊ. एखाद्या पुस्तकाच्या पन्नास प्रती दोनशे वाचकांत फिरवाव्यात आणि मग आवृत्तीच जाळून टाकावी, तसे हे झाले. ज्या कुटुंबांनी ती चालवली त्यांनी तिच्याविषयी काय काय सांगितले असेल, याच गोष्टीचे आम्हांला मोटारीपेक्षा अधिक कुतूहल वाटले.

परंतु अण्णांचे संग्रहालय खरे तर एका साध्या प्लिमथपाशी सुरू झाले आणि तेथेच संपले. पन्नाशीच्या दशकातली गाडी, काही विशेष नाही. ते डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. तेवढ्यात संग्रहालयाचा एक वृद्ध स्वयंसेवक लगबगीने आला. आम्हांला वाटले, आता हात लावू नका म्हणणार. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, चाकाच्या नटांकडे बोट केले आणि हवेत एक अदृश्य पाना उलट्या दिशेने फिरवून दाखवला. तो वृद्ध गृहस्थ मोठ्याने हसला.

प्रकार असा, की क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. धावताना नट आपोआप सैल होऊ नये, ही त्यामागची कल्पना. साधारण १९७० पर्यंत कंपनीने ती टिकवली. ज्याला हे ठाऊक नसे तो नट सोडवायला म्हणून जोर लावी आणि प्रत्यक्षात आवळत जाई, शेवटी स्टडच तुटे. कुर्ल्यात दर नव्या उमेदवाराच्या हातून एकदा तरी हे घडे, आणि तो दिवस त्याचा बारशाचा मानला जाई. स्वयंसेवकाने सांगितले की तो हॅमट्रॅमिकच्या 'डॉज मेन' कारखान्यात कामाला होता आणि तेथेही नव्या पोराची पहिली फजिती हीच असे.

मग पुढचा तासभर आम्ही दुभाषी झालो, आणि फार वाईट दुभाषी. पाटे, बुश, किंगपिन या शब्दांपर्यंत काम चालले. नंतर दोघांनी आम्हांला बाजूला सारले आणि हातांनी बोलू लागले. डॉज मेन १९८० साली बंद पडला, नंतर पाडला, हे त्या गृहस्थाने तळहात जमिनीसमांतर फिरवून सांगितले. अण्णांनीही कुर्ल्यासाठी तीच खूण केली. तेथे आता इमारती उभ्या आहेत.

गाडीजवळच्या फलकावर साल होते, सिलिंडर होते, अश्वशक्ती होती, त्या वेळची किंमत होती. आट्यांचा उल्लेख नव्हता. आम्ही काही तक्रार करीत नाही. फलक असेच असतात. कवीचे जन्मसाल, संग्रहांची नावे, पुरस्कार अशी आमची टिपणेही याच वळणाची असतात. ते संग्रहालय जिवंत होते ते फलकांमुळे नव्हे, तर फलकांपाशी उभ्या असणाऱ्या, कारखान्यातून निवृत्त झालेल्या त्या म्हाताऱ्यांमुळे. बंद होण्याचे कारण सांगितले गेले ते खर्चाचे: संग्रहालय स्वतःच्या पायांवर उभे राहत नव्हते. ते खरेही असावे. दुपारी आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज सात-आठ माणसे असतील. हिशेबाच्या वहीत त्या दुपारची नोंद तीन तिकिटे अशीच होणार.

परतताना अण्णा म्हणाले की घरी एक पुस्तक आहे, ते पुढच्या खेपेस आणून या लोकांना द्यायचे. फार्गो ट्रकच्या सुट्या भागांची इंग्रजी यादी. तिच्या समासांत त्यांनी वर्षानुवर्षे पेन्सिलीने मराठीत टिपणे केली होती. पुढची खेप झाली नाही. २०११ साली अण्णा गेले. पुस्तक आमच्याकडे आले. आम्ही ते संग्रहालयाला न्यायचे म्हणत राहिलो आणि २०१२ च्या डिसेंबरात दारे मिटली.

२०१६ मध्ये ती पुन्हा उघडल्याचे कळताच आम्ही एका रविवारी गेलो, पण पुस्तक नेले नाही. पुन्हा बंद होणार हे तोवर जाहीर झाले होते, आणि मिटू घातलेल्या घरात ठेव ठेवायला कोण जाईल? त्या स्वयंसेवकाची चौकशी केली. तो कोणाला आठवला नाही. त्याचे नाव आम्ही २००८ साली विचारायला हवे होते. साहित्याचा अभ्यास करणाऱ्याने निवेदकाचे नाव विचारू नये, याला काय म्हणावे?

१९३६ साली 'द न्यू यॉर्कर' मध्ये फोर्डच्या मॉडेल टीला निरोप देणारा 'फेअरवेल, माय लव्हली!' हा निबंध आला. त्याच्याखाली ली स्ट्राउट व्हाइट असे नाव होते. वस्तुतः ते ई. बी. व्हाइट आणि रिचर्ड ली स्ट्राउट या दोघांच्या नावांचे कडबोळे. दीड कोटींच्या संख्येने निघालेल्या त्या गाडीला शब्दांत जागा मिळाली, कारण तिच्या खोडी माहीत असलेली माणसे लिहीत होती. (त्यांच्या 'आम्ही'त दोघे होते. आमच्या 'आम्ही'त आम्ही एकटेच. निबंधाची जुनी खोड, दुसरे काही नाही.)

मग पर्यायाचे काय? आशा ठेवायला एक जुना दाखला आहे. नेव्हाडातील विल्यम हॅरा या कॅसिनोमालकाने सुमारे चौदाशे मोटारी जमवल्या होत्या. १९७८ साली तो वारला, १९८० मध्ये त्याची कंपनी एका हॉटेलसमूहाकडे गेली आणि संग्रह विकायचा ठरला. लोकांनी ओरड केली. १९८४ ते १९८६ या काळात बहुतेक गाड्या लिलावात गेल्याच. तरीही पावणेदोनशेच्या आसपास गाड्या आणि संदर्भग्रंथालय वाचले, आणि १९८९ साली रेनो शहरात त्यांचे नवे संग्रहालय उघडले. चौदाशेंतून पावणेदोनशे, ही काही फुशारकी मारण्याजोगी गोष्ट नव्हे. पण ग्रंथालय वाचले, हे आम्ही विसरत नाही.

क्रायस्लरच्या बाबतीत २०१८ साली असे जाहीर झाले की डेट्रॉइटमधल्या कॉनर अव्हेन्यूवरील कारखान्यात, जेथे २०१७ पर्यंत व्हायपर ही गाडी बनत असे, सुमारे चारशे जुन्या गाड्यांचा संग्रह ठेवला जाईल. कारखान्याच्याच जागी संग्रह, ही कल्पना आम्हांला ऑबर्न हिल्सच्या फिरत्या मनोऱ्यापेक्षा मनापासून पटली. मात्र बेत कंपनीच्या अंतर्गत वापराचा होता; रविवारी तिकीट काढून म्हाताऱ्या बापाला घेऊन आत जावे, असा नव्हता. वस्तू जपली जाते आणि वाचक बाहेर राहतो. दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटाची किल्ली हरवली आहे असे सांगणाऱ्या ग्रंथालयांशी आपला परिचय आहेच.

आणि कुर्ल्याचे काय? २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे निघून गेली, तेव्हा एखादी तरी जतन करावी अशी मागणी झाली. ती पुरी व्हावी. पण आमचे मागणे थोडे वेगळे आहे. एक गाडी ठेवा, पण तिच्या शेजारी एक खुर्चीही ठेवा आणि त्या खुर्चीवर गाडी जोडलेला किंवा चालवलेला एक मनुष्य बसवा, तो आहे तोवर. तो बोलेल ते कोणीतरी लिहून घ्या. विद्यापीठांच्या मराठी विभागांना प्रबंधांसाठी विषय सापडत नाहीत असे ऐकतो. दुरुस्तीच्या धंद्यातली मराठी हा विषय कोणी अजून हातात घेतलेला आमच्या पाहण्यात नाही. घेणाऱ्याला आम्ही आमच्याकडचे पुस्तक आनंदाने देऊ.

ते सध्या आमच्या कपाटात, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेले आहे. ग्रीसच्या डागांनी काही पाने एकमेकांना चिकटली आहेत. चाकांच्या पानावर, आकृतीच्या डाव्या अंगाला, पेन्सिलीने लिहिले आहे: "इकडचे आटे उलटे. नव्या पोराला आधी हे सांगणे." खाली तारीख नाही.