काळाचे रूप

मराठी घरात आई हाक मारते आणि मुलगा ओसरीवरूनच ‘आलोच!’ म्हणून ओरडतो. वस्तुतः तो जागचा हललेलाही नसतो. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र भविष्याचा! इंग्रजीला असा लाड चालत नाही. तेथे ‘आय केम’ म्हटले, की येणे घडून गेलेले असलेच पाहिजे.

सातवीतील एका मुलास आजोबांविषयी इंग्रजीत दहा ओळी लिहावयाच्या होत्या. त्याने लिहिले, ‘माय ग्रँडफादर गेट्स अप ॲट फाइव्ह. ही वॉटर्स द मँगो ट्री.’ ज्या ‘एस’पाशी निम्मा वर्ग अडखळतो, तो त्याने प्रत्येक क्रियापदास न चुकता लावला होता. तरीही वही परत आली तेव्हा ‘गेट्स’चे ‘गॉट’ आणि ‘वॉटर्स’चे ‘वॉटर्ड’ झालेले होते.

“गुरुजी, मी एस तर बरोबर लावला होता.”

“एस बरोबर आहे, बाळ, काळ चुकला. तुझे आजोबा उन्हाळ्यात वारले ना?”

मुलगा खाली पाहत म्हणाला, “मला ठाऊक होतं.”

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला जवळच बसवून घेतले. तो एकेक क्रियापद बदलू लागला. ‘गो’पाशी अडला. या क्रियापदाची रीतच न्यारी! त्याचे जुने भूतकाळी रूप केव्हाच लोपले. ‘वेंट’ हे ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाकडून आलेले. मुलाने ‘ही डिड नॉट वेंट अलोन’ असे लिहिले. “भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचलला ना? मग ‘गो’ला मोकळे सोड,” गुरुजी म्हणाले.

पुढचे वाक्य होते, ‘ही पुट्स हिज हँड ऑन माय हेड.’ ‘पुट’चे रूप भूतकाळात बदलत नाही, तेथे केवळ शेवटचा एस खोडावयाचा होता. एवढेसे एक अक्षर. पण ते खोडावयास त्याला फार वेळ लागला.

शेवटच्या ओळीशी येऊन तो थांबला. ‘द मँगो ट्री गिव्ह्ज स्वीट फ्रूट.’ त्याने ‘गिव्ह्ज’वर पेन्सिल टेकवली आणि गुरुजींकडे पाहिले.

“ते राहू दे,” गुरुजी म्हणाले.