ओल्या लाकडाचं खुराडं

मैत्रिणींनो, कोंबड्यांच्या खुराड्यावर लेख? असं म्हणून पान उलटू नका. तुमच्यातल्या कितीजणींची गावाकडे थोडी वाडी असेल, आणि ‘रिटायर झालो की तिकडेच जाऊ’ असं घरात अधूनमधून बोललंही जात असेल. आमच्याकडे ते नुसतं बोलण्यावर राहिलं नाही. २०२१ मध्ये आम्ही कुडाळजवळच्या आमच्या गावी परतलो. तिथे सासूबाई होत्या, आणि त्यांच्या डझनभर गावठी कोंबड्या होत्या.

अंड्यांचे पैसे सासूबाईंचे. त्यात कोणी हात घालायचा नाही. आयुष्यभर घरातल्या खर्चासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण काकणवाल्याला आणि जत्रेत नातवंडांना द्यायला त्यांच्याकडे स्वतःचे पैसे असायचे, ते या कोंबड्यांमुळेच. जुनं खुराडं वाळवीनं खाल्लं होतं. मी हौसेनं म्हटलं, आपल्याच वाडीतल्या लाकडाचं नवं करूया.

कुंपणाला लागून आकेशियाची झाडं होती. (ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडं आपल्या स्वतःच्या जागेत असली तरी तोडायला आधी परवानगी लागते. त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. कुऱ्हाड उचलण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनखात्यात विचारावं, नाहीतर खुराड्यापेक्षा दंड महाग पडेल.) २०२२ च्या डिसेंबरात दोन झाडं तोडली. ह्यांनी आणि गावातल्या सुतारांनी ओंडके मधोमध चिरले, एकाला एक चिकटवून भिंती उभ्या केल्या. साल मीच काढू दिली नाही. तशीच छान दिसते म्हणाले! सुतार एकदा बोलले होते, “लाकूड अजून ओला आसा, वयनी. सुकांदे जरा.” पण मला कुठला धीर? जानेवारीत कोंबड्या आत गेल्या आणि मी फोटो काढून बहिणीला पाठवले.

आता लाकडाची एक गोष्ट सांगते, जी मला पन्नाशी उलटल्यावर कळली. ओलं लाकूड सुकताना लांबीला जवळजवळ आटत नाही, रुंदीला आटतं. शिवाय पिळतं. त्यामुळे खुराड्याची उंची तेवढीच राहिली, पण शिमग्यापर्यंत प्रत्येक ओंडक्याच्या बाजूला फट पडली. बहुतेक फटी बोटभर होत्या. मागच्या कोपऱ्यात मात्र एक ओंडका पिळून बाहेर आला होता आणि तिथे चार बोटं सहज जात होती. मी ती पाहिली होती. ‘वारा येईल, बरंच आहे’ असं मनात म्हटलंही होतं.

एप्रिलात सासूबाईंची लाडकी तांबडी कोंबडी अकरा अंड्यांवर बसली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या कोंबड्या बाहेर चरत होत्या, ही पिल्लांना घेऊन आत होती. आम्ही जेवायला बसलो होतो. ओरडा ऐकून धावलो तोवर मुंगूस त्या कोपऱ्यातून निसटत होतं. तांबडी गेली. नऊतली दोन पिल्लं पेंढ्याखाली जिवंत सापडली.

मला रडू आवरेना. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. संध्याकाळी पिल्लांना टोपलीखाली ठेवताना एवढंच म्हणाल्या, “रडान काय्येक होवचा नाय. आधी ती फट बुजय.”

फट पत्र्यानं बुजवली. मग मेमध्ये पुन्हा दोन झाडं तोडली, पण या वेळी साल पूर्ण सोलून काढली, कारण सालीखाली ओल राहते आणि भुंगेरे अंडी घालतात. फळ्या पाडून मांगरात एकावर एक रचल्या, प्रत्येक थरात बांबूच्या पट्ट्या घालून, म्हणजे मधून वारा खेळेल. पावसाळाभर तशाच ठेवल्या आणि डिसेंबरात कामाला हात घातला.

नवं खुराडं सहा फूट बाय चार फूट आहे, डझनभर कोंबड्यांना रात्रीपुरतं पुष्कळ. खांब मातीत पुरले नाहीत, जांभ्या चिऱ्यांवर उभे केले, म्हणजे वाळवी आलीच तर चिऱ्यावर दिसते. जमीन दीड फूट उंच. वरचा एक फूट भिंतीऐवजी जाळी, तीही अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली. नेहमीची षटकोनी जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला आणि कांडेचोराला नाही. बसायला दोन इंच जाडीच्या गोल दांड्या, प्रत्येकीला आठ इंच जागा. अंड्यांसाठी फूटभराचे तीन खण, अंधाऱ्या बाजूला. छपराला जुन्या गोठ्याची मंगलोरी कौलं, आणि आमच्याकडचा पाऊस बघता पाख्या दोन फूट बाहेर काढल्या. वर्षातून दोनदा आतून चुना मारते, नाहीतर फटींत बारीक लाल किडे राहतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. खाली भाताचं तूस असतं. ते विष्ठेसकट काढून कुजवलं की माडांना जातं. ताजं मात्र घालू नका, मुळं करपतात.

कोंबड्या आत गेल्या की सासूबाई रोज काठी टेकत मागच्या कोपऱ्याशी जातात आणि फळ्यांच्या सांध्यावरून करंगळी फिरवतात. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, नजर अधू झालीय, पण करंगळीला फट बरोब्बर कळते. मागच्या महिन्यात एका ठिकाणी करंगळी अडकली, त्यांनी मला नुसती हाक मारली. मी त्याच रात्री बॅटरी धरून पट्टी ठोकली.

तांबडीच्या त्या दोन पिल्लांतली एक तलंग होती. आज सकाळपासून तिच्या खाली टिकटिक ऐकू येतेय. सासूबाई खुराड्याच्या दाराशी पाट टाकून बसल्यात आणि जेवायलाही उठत नाहीत, म्हणून लिहिणं इथेच ठेवते. त्यांचं ताट तिकडेच नेऊन देते.