मधला आवाज

आमच्या घरात आजवर तीन लग्ने जुळवली गेली. बहिणीच्या वेळी छत्तीसांपैकी अठरा गुण कसेबसे भरले, आणि माझ्या वेळी तर पत्रिका उघडण्याचे धाडसच कोणी केले नाही. तरी सगळ्यांचे संसार बरे चालले आहेत. सांगायचे एवढेच, की 'जुळवणे' हे काही फार अवघड काम नव्हे, अशी माझी साठी उलटेपर्यंत समजूत होती. ती गेल्या वर्षी एका लाकडी खोक्याने मोडली.

आमचे बिऱ्हाड कॉटन ग्रीनला. हे नाव ऐकून पाहुण्यांना हिरवळ आठवते. हिरवळ होती खरी, पण ती तिकडे कुलाब्याला. तिथे एके काळी कापसाच्या गाठींचा बाजार भरे. तो बाजार हलून शिवडीच्या बाजूला आला तेव्हा येताना नावही गाठोड्यात बांधून घेऊन आला. गाठी आल्या, गोदामे आली, कॉटन एक्सचेंजची इमारत उभी राहिली. हिरवळ मात्र मागेच राहिली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कापूस व्यापाऱ्याकडे नमुने पारखायला होते. गाठीतून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा, आणि शेवटी उरलेल्या तंतूंची झुपकी काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून लांबी सांगायची. त्यांचे सारे आयुष्य जुळवण्यातच गेले. वेगवेगळ्या पोताच्या गाठी एका सुतात गेल्या तर कापड विणून होईपर्यंत काही कळत नाही. रंगवले की मात्र पट्टे उमटतात. "चूक कापसात असते, दिसते रंगात," असे ते म्हणत.

तर अशा या माणसाने १९७९ च्या दिवाळीत बोनसचे सगळे पैसे घालून दोन स्पीकर घरात आणले. प्रत्येक दोन फूट उंच, सागाचा पत्रा लावलेला, आत आठ इंची कागदी शंकू आणि वर छोटा ट्विटर. आईने त्या पैशांत शिवणयंत्र घ्यायचे ठरवले होते. ती काही बोलली नाही. मात्र त्या वर्षीच्या चकल्या जरा कडक झाल्या होत्या.

स्पीकर सात फूट अंतरावर मांडले गेले. समोर बरोबर मध्यावर अण्णांची वेताची खुर्ची. जमिनीवर तिच्या पायांच्या चार खुणा खडूने केलेल्या असत आणि केर काढताना त्या पुसल्या गेल्या तर घरात वादळ होई. तबकडी लागली, की अण्णा डोळे मिटत आणि दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणत, "बघ, बाई मधोमध उभी राहून गाते आहे."

आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून, डाव्या स्पीकरच्या अंगाला बसून, गहू निवडता निवडता म्हणे, "हो, खरंच की."

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. खुर्ची आहे, स्पीकर आहेत, खडूच्या खुणा तेवढ्या गेल्या. आई चौऱ्याऐंशीची आहे आणि अजून तिथेच, दाराशी, डाव्या अंगाला बसते. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आले, की टीव्हीवरचा सिनेमा पाहताना ती सगळ्यांच्या नंतर हसते. आम्ही हसलो, की आमच्याकडे बघून हसते. संवाद तिला कळत नव्हते. डॉक्टरांनी कान तपासले. वयाच्या मानाने बरे निघाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्याकडे सेंटर नाही ना, म्हणून. पिक्चरमधले संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात."

हे मधल्या स्पीकरचे प्रकरण नवे नव्हे. १९३३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला, तेव्हा बेल प्रयोगशाळेच्या मंडळींनी डावी, उजवी आणि मधली अशा तीन वाटांनी तो पाठवला होता. १९५३ साली सिनेमास्कोप आला तोही पडद्यामागे तीन स्पीकर घेऊन. सिनेमाच्या पडद्याला बारीक बारीक भोके असतात आणि नायकाचा आवाज त्यांतून, त्याच्या तोंडाशीच उमटतो. १९७५ साली मिनर्व्हात 'शोले' पाहिला तेव्हा आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर होतो, तरी संवाद पडद्यातूनच येत होते. आता ते मिनर्व्हा राहिलेले नाही. पण त्या भोकांचे महत्त्व मला कळायला इतकी वर्षे लागली.

कारण असे आहे. दोनच स्पीकर असले, की मधला आवाज प्रत्यक्षात नसतोच. दोन्हींकडून सारखा आवाज एकाच वेळी कानी आला म्हणजे मन तो मध्यावर उभा करते. पण ही किमया मध्यावर बसलेल्यापुरतीच. आवाज एका फुटाला साधारण सेकंदाचा हजारावा भाग घेतो. आईच्या जागेपासून डावा स्पीकर चार फुटांवर, उजवा नऊ फुटांवर. म्हणजे डावीकडचा आवाज सेकंदाच्या साडेचार हजारांशांनी आधी पोचणार. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिले, की आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच कान सगळे श्रेय देऊन मोकळा होतो. मागून येणारा बिचारा त्याच्यात विरून जातो.

हे मी आईला समजावून सांगितले, तेव्हा ती सहज म्हणाली, "मग ते बरोबरच आहे. मला बाई नेहमी या डाव्या खोक्यातच ऐकू यायची."

"म्हणजे? अण्णा दाखवायचे तेव्हा...?"

"तेव्हाही."

"मग तू 'हो' का म्हणायचीस?"

आई कापसाच्या वाती वळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "त्यांना दिसत होती ना."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन एक नवाकोरा मधला स्पीकर घेऊन आलो. आडवा, काळा, तुकतुकीत. मध्ये ट्विटर आणि दोन्ही कुशींना एकेक शंकू. मुलाने तो जोडला. हल्लीच्या यंत्रांत जुळणी तपासायला एक पावसासारखा 'शूं' आवाज असतो, तो आळीपाळीने प्रत्येक स्पीकरमधून निघतो. डावीकडे पाऊस कौलावर पडत होता. मध्यावर आला आणि पत्र्यावर पडू लागला. उजवीकडे गेला, पुन्हा कौलावर. सिनेमा लावला. नायक डावीकडून चालत निघाला, मध्यावर पोचताच त्याला पडसे झाले आणि उजवीकडे जाताच बरे वाटले. आई म्हणाली, "हा मधला माणूस कोण?"

शेवटी लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी चहा मागवला आणि माझी शिकवणी घेतली.

"साहेब, तुमची जुनी जोडी एका वॅटला ब्याण्णव डेसिबेल देते, हा नवा शहाऐंशी. म्हणजे तेवढंच बोलायला त्याला चौपट ताकद पाहिजे. पण ते सोडा, ते यंत्रातून वाढवता येतं. अंतराचा फरकही यंत्र सांभाळतं. आवाजाचा रंग कुठून वाढवणार? तुमचे शंकू कागदी, याचे प्लॅस्टिकचे. तुमचा ट्विटर वेगळ्या घराण्याचा. घराणं एक पाहिजे."

"मग उपाय?"

"तिसरा भाऊ शोधा. तोच, तसाच. आणि उभा ठेवा. आडव्या खोक्यात एकच स्वर दोन शंकूंतून येतो. समोर बसलात तर ठीक. बाजूला बसलात, तर एक जवळचा नि एक लांबचा. मधल्या मधे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे ज्या आईसाहेबांसाठी आणलात, त्यांनाच पोकळ ऐकू येणार."

धाकट्या भावाचे मत पडले, की ही जुनी खोकी काढून टाकावीत आणि तिन्ही नवे एका जातीचे घ्यावेत. शास्त्राच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकत नव्हते. खर्चही फारसा वाढला नसता. मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा," आणि उठून आत गेली. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ काय होतो ते शिवणयंत्राच्या वेळेपासून सर्वांना ठाऊक आहे.

चार महिने मी चोरबाजार पालथा घातला. जोड्या मिळत, पण जोडी मोडून एक द्यायला कोणी तयार नसे, आणि मलाही ते पाप वाटे. अखेर एका दुकानात पंख्यांच्या ढिगाखाली एकटाच पडलेला तो सापडला. तोच सागाचा पत्रा. शंकू फाटलेला, ट्विटर जिवंत. मिस्त्रींनी त्याला नवा कागदी शंकू बसवला. आतल्या कपॅसिटरांची वयाने किंमत बदलते, म्हणून ते बदलायचे ठरले. "एकाचे बदलायचे तर तिघांचेही," हे त्यांनी बजावले. टीव्ही भिंतीवर वर चढवला आणि त्याच्या खाली तिसरा भाऊ उभा केला. पूर्वीचा काचेच्या नळीचा टीव्ही असता तर या खोक्याच्या उघड्या चुंबकाने चित्रात जांभळे-हिरवे डाग पडले असते. पातळ टीव्हीला ती बाधा नाही.

पावसाचा आवाज लावला. कौल, कौल... जवळजवळ कौल. पण मधल्याचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

"आत काय फरक आहे बघू या," म्हणत मिस्त्रींनी अण्णांच्या डाव्या खोक्याची मागची फळी पुन्हा उघडली. कपॅसिटर बदलताना त्यांनी जे नुसते बाजूला सारले होते, ते आता त्यांनी बाहेर ओढले. कापूस होता. स्वच्छ, लांब धाग्याचा, पिंजून सैल केलेला, खोक्याच्या साऱ्या भिंतींना नेटका बसवलेला. रोजच्या नमुन्यांतून उरलेल्या चिमटी-चिमटीने अण्णांनी तो भरला असणार. एका पुंजक्यात नमुन्याच्या कागदाचा कपटा अडकला होता, आणि त्यावर पेन्सिलीने लॉटचा आकडा, अण्णांच्या अक्षरात.

मिस्त्री कापूस बोटांत चोळत म्हणाले, "माणूस जाणता होता. खोक्याच्या आत आवाज भिंतीवर आपटून परत शंकूवर येतो, तो या कापसात मुरतो. खोकं असतं त्याहून मोठं असल्यासारखं बोलतं. तिसऱ्याच्या पोटात काहीच नाही, म्हणून तो घुमतो."

मी बाहेर कापूस आणायला निघालो. कॉटन ग्रीनमध्ये राहून कापूस आणायला लालबागच्या गादीवाल्याकडे निघणे हे मलाही जरा लाजिरवाणेच वाटले. तेवढ्यात आईने आपली वातींची पिशवी पुढे केली. दिवाळीच्या फुलवातींसाठी तिने निवडून, सरकी काढून ठेवलेला कापूस होता तो.

"किती लागेल?" तिने विचारले.

मिस्त्रींनी डाव्या खोक्यातला कापूस तागडीत घालून पाहिला आणि तेवढाच मागितला. आईने तो मापून दिला. त्याआधी मात्र तिने एक चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली. हे ती कधी शिकली होती, मला माहीत नाही. "चालेल," ती म्हणाली.

फळी बसली. पाऊस लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कौलावरच पडत राहिला.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी, अभ्यंगस्नाने आणि फराळ आटोपल्यावर, आम्ही सारे एक विनोदी सिनेमा पाहायला बसलो. आई दाराशी, आपल्या जागेवर. तिसऱ्याच मिनिटाला ती हसली, आमच्यापैकी कोणी हसण्याच्या आधी. मग तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही कोणीच सिनेमाकडे पाहत नव्हतो.

दुपारी घर शांत झाल्यावर मी अण्णांची एक तबकडी काढली. तीन स्पीकरांतून ती कशी वाजते ते आईला ऐकवावे, आज तरी गाणारी बाई तिच्यासाठी मधोमध उभी राहावी, असा माझा विचार. सुई टेकवण्याआधी आई म्हणाली,

"तो मधला बंद कर रे."

"का गं? आता तुलाही मधून ऐकू येईल."

"सिनेमाला असू दे. हे गाणं त्यांनी दोनांवरच ऐकलंय."

"मग ये, अण्णांच्या खुर्चीत बस. तिथून दोनांवरही मधोमध ऐकू येतं."

"नको. मला इथलीच सवय आहे."

मी मधला बंद केला. खुर्ची रिकामीच राहिली. बाई डाव्या खोक्यातून गाऊ लागली, आणि आई उरलेल्या कापसाच्या वाती वळत बसली.