राहतेस आणि राहावंस

ब्रह्माघाटाजवळच्या जुन्या मराठी वाड्यात दिवेलागणीला पुन्हा तीच घोकंपट्टी सुरू झाली. "बीबा, बीबास, बीबा, बिबामोस, बिबाइस, बीबान..."

आजोबांनी पोथी मिटली. काशीतच रचलेली भट्टोजी दीक्षितांची 'सिद्धान्तकौमुदी' त्यांनी आयुष्यभर शिकवली. पण घरात नातीने घेतलं ते स्पॅनिश! आता दिल्लीच्या एका प्रवासी कंपनीत मुलाखत होती. नोकरी मिळाली तर दिल्लीतच राहावं लागणार. आजोबांनी अजून होकार दिला नव्हता.

"काय घोकतेस गं?"

"'बिबीर'ची रूपं. म्हणजे जगणं, राहणं. 'बीबो' म्हणजे 'मी राहते'. त्यातला 'ओ' काढून 'आ'चे प्रत्यय लावायचे. 'आब्लार', म्हणजे बोलणं; अशा 'आर'वाल्या धातूंना मात्र 'ए' लागतो, 'आब्लो'चं 'आब्ले'. रूपं पाठ आहेत आजोबा, पण वापरताना चुकतं. 'तू राहतेस'ला 'बीबेस' आहेच, मग हे 'बीबास' कशाला?"

आजोबा हसले. "आपल्या दहा लकारांतला पाचवा लेट्. तो फक्त वेदांत सापडतो. 'जीवति' म्हणजे तो जगतो. लेटात 'जीवाति', तो जगो. एका कान्याचा फरक!"

"आणि 'जीव्' नि 'बिबीर' एकाच कुळातले, असं आमचे सर सांगतात."

"मग मराठीतच बघ. 'तू राहतेस', हे घडतंय. 'तू राहावंस', हे कुणाच्या तरी मनात आहे. जे आहे त्याला एक रूप, जे व्हावंसं वाटतं त्याला दुसरं."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे इच्छा, शंका, आशा आली की 'बीबास'! एक वाक्य सांगा ना."

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी इच्छा आहे, तू इथेच राहावंस."

तिची पेन्सिल थांबली. दोघंही बोलेनात. खाली घाटावरच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

"हे खोड," शेवटी आजोबाच म्हणाले. "दुसरं लिही. तू जिथे राहशील, तिथे सुखात असावंस."

जिथे राहशील! कुठे ते अजून ठरलेलंच नव्हतं. पुस्तकात न बघता तिने लिहिलं, 'बीबास'. या वेळी चुकलं नव्हतं.

ती उठून त्यांच्या पाया पडली.

"मुलाखत कुठल्या तारखेला म्हणालीस?" आजोबांनी विचारलं.