धरणाचा काठ

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जलरंग शिकलेल्या हाताला पक्क्या काठाची सवय असते. दगडी बांध, शालिनी पॅलेस, आणि पावसाळ्यात पाण्यात जाऊन उन्हाळ्यात वर येणारा संध्यामठ. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापुरात परतले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत इथलंच पाणी रंगवत राहिले. त्यांचा ‘संध्यामठ’ पाहूनच आमच्यापैकी कितीतरी जणांनी बोर्डावर कागद ताणला.

उजनीच्या पाण्यावर ही सवय उपयोगी पडत नाही. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इंदापूर-दौंडपर्यंत पसरला. कुंभारगावाहून होडीनं भिगवणच्या अंगाला निघालं की गाव पाण्याकडून दिसू लागतं. आधी उसाची हिरवी पट्टी, तिच्याखाली पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळपेर, मग ओल्या चिखलाची काळपट रेघ, आणि त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. घाट नाही, पायऱ्या नाहीत. आज जिथे जाळी वाळत घातली आहेत, तिथे ऑक्टोबरात पाणी असतं.

होडीत बसून रंगवताना क्षितिज हलतं. म्हणून मी क्षितिजाची रेघ मारत नाही. आकाशाचा ओला वॉश तसाच खाली पाण्यात उतरू देतो आणि काठ अगदी शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशनं ठेवतो. हिवाळ्याच्या सकाळी कागद लवकर वाळत नाही, त्यामुळे घाई करणाऱ्याचा चिखल आणि पाणी एकमेकांत मिसळतात. अल्ट्रामरीनला इथे फारसं काम नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथे येतं. त्या पाण्याचा शेवाळी रंग निळा करून दाखवणं मला खोटं वाटतं. जाळ्यांवर तरंगणारे थर्माकोलचे तुकडे मात्र कोरा कागद राखूनच दाखवावेत. वरून लावलेला पांढरा रंग तिथे मेल्यासारखा दिसतो. दूरच्या रोहित पक्ष्यांनाही हेच लागू आहे. त्यांना गुलाबी रंग जितका कमी, तितके ते खरे.

गावात शिरल्यावर रंगांची पेटी मिटते. मासळीच्या लिलावात चिलापीचे ढीग, मधूनच एखादा कटला किंवा मरळ, आणि बोली इतकी झटपट की फक्त पेन्सिलच चालते. मला तिथे चेहऱ्यांपेक्षा हात आवडतात. मासा उचलण्याआधी अंगठ्यानं कल्ला उघडून पाहणारे हात. जाळ्याचं फाटकं घर सुतानं भरताना नजर दुसरीकडे असली तरी ते चुकत नाहीत.

होडी चालवणारे भोईमामा एरवी एवढंच बोलतात, “साहेब, उभं राहू नका.” एकदा मी त्यांच्यापुढे जुनी चित्रं पसरली. एकावर बोट ठेवून ते म्हणाले, “हे मार्चातलं.” दुसऱ्यावर, “ही दिवाळी.” मागच्या बाजूला तारखा होत्या, दोन्ही बरोबर. पक्षी, ऊन, झाडं त्यांनी पाहिलीच नव्हती. पाणी आणि ऊस यांच्यामधली चिखलाची पट्टी किती रुंद आहे, तेवढंच पाहिलं होतं. मी जी पट्टी रचनेसाठी हवी तशी अरुंद-रुंद करत आलो होतो, तिच्यात त्यांचं वर्ष लिहिलेलं असतं: होडी किती लांब ओढायची, जाळं कुठे टाकायचं, मासा खोलात गेला की कडेला आला.

आता मी ती पट्टी मोजून काढतो. येत्या मे महिन्यात पाणी पुरेसं उतरलं, तर पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडेल. तेव्हा तिथवर नेण्याचं मामांनी कबूल केलं आहे. चिखल पक्का झाला असेल तरच उतरायचं, ही त्यांची अट.