रेडिओत शिरलेलं झटका मशीन

मिस्तरीनं रेडिओचा गँग, म्हणजे स्टेशन लावायचा कंडेन्सर, बदलला, त्याचे पैसे घेतले आणि वर सल्ला दिला, "आता हे फेका अन् मोबाइलवर ऐका." त्याचा राग अजून गेलेला नाही. रेडिओ धडधाकट होता हो!

मांजरसुंब्याच्या पुढं आमचं शेतातलं घर. घरातल्या म्हाताऱ्या आबांना संध्याकाळी परभणी केंद्र लागतं, मिडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झ. तिथं सारखी किरकिर आणि सेकंदा-सेकंदाला 'टक्'. बीडचं १०२.९ एफएम मात्र स्वच्छ. तेवढ्यावरून मिस्तरीनं ठरवलं, मिडियमचा भाग गेला! अरे, असला गोंगाट लहरीच्या उंचीत मिसळतो. मिडियम वेव्हचा आवाज त्या उंचीतच असतो. एफएमचा नसतो, म्हणून तिथला गोंगाट रेडिओ छाटून टाकतो. रेडिओ खोलणाऱ्याला एवढं ठाऊक नको? पण म्हाताऱ्या माणसाचा जुना रेडिओ म्हटल्यावर दोष कुणाला द्यायचा हे आधीच ठरलेलं.

शेवटी मीच रेडिओ सेलवर लावून घराचा मेन स्विच पाडला. किरकिर थांबली. मग मेन चढवून एकेक बटण दाबत गेलो, तेव्हा ओसरीतला स्वस्तातला एलईडी बल्ब सापडला. त्याच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. तो गोंगाट वायरीत उतरू नये म्हणून कॉइल लागते; ती गाळली की बल्ब स्वस्त पडतो. असल्या गोंगाटाची मोजमापं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून आहे म्हणे. आठवडी बाजारातल्या बल्बला तिचं काय!

'टक्' मात्र मेन पाडूनही चालूच होती. रेडिओच्या पोटात फेराइटची कांडी असते. तिचं टोक गोंगाटाच्या दिशेला आलं की गोंगाट एकदम कमी होतो. अंगणातून एक दिशा धरली, विहिरीवरून दुसरी. दोन्ही शेजारच्या तात्यांच्या सोयाबीनमध्ये मिळाल्या. रानडुकरांसाठी लावलेलं, कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारं झटका मशीन! अंधार पडल्यावर तारेच्या कडेनं गेलो. एका लोखंडी अँगलला इन्सुलेटरऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला, तोही चिरलेला, आणि त्या चिरेतून दर सेकंदाला निळी ठिणगी.

सांगायला गेलो तर तात्या भडकले. "तुझ्या रेडिओपायी डुकरायला सोयाबीन चारू का?"

"मशीन बंद करू नका तात्या. पण झटका इथंच गळतोय, डुकराला काय बसणार?"

हे पटलं. इन्सुलेटर बसला, तारेखालचं गवतही निघालं.

पुढं डुकरं आमच्याच भुईमुगात शिरली आणि आबांनीच मशीन आणायला लावलं. आता आमच्या बांधावरून बारीक टक् येते. आबा म्हणतात, "येऊ दे, मशीन चालू हाय हे तरी कळतं." ऐकून मी गप्प.

लाइनचा करंट सरळ तारेत सोडणारेही आहेत. त्यानं माणसं मरतात, तसलं काही करूच नये. बॅटरीवरचं मशीन असेल तर अधूनमधून रात्री रेडिओ घेऊन तारेकडेनं चालावं, गळती लगेच सापडते. हात मात्र सकाळी, मशीन बंद करूनच लावावा.