दुरेघी

गुरुजींचे अक्षर आधी आकसले, पावले त्यानंतर.

निवृत्तीला सहा-सात वर्षे झाली असतील. बँकेच्या खिडकीवरून त्यांचा धनादेश परत आला. सही जुळत नव्हती. ज्या हाताने छत्तीस वर्षे फळ्यावर टपोरी अक्षरे काढली, त्या हाताचे अक्षर ओळीच्या आरंभी नीट असे आणि ओळ संपेपर्यंत मोहरीएवढे होऊन जाई. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे म्हणून घरच्यांनी तो विषय सोडून दिला. पुढे चालताना उजवा हात हलेनासा झाला, चेहऱ्यावरचे भाव मंदावले, रात्री कूस बदलणे जड जाऊ लागले. आजाराचे नाव कळायला आणखी एक वर्ष जावे लागले. तो कंपवात होता, ज्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. वास्तविक ज्या कंपावरून मराठीने या विकाराला नाव दिले, तो गुरुजींच्या ठायी फारसा दिसतच नव्हता. त्यांचे शरीर थरथरण्याऐवजी थिजत चालले होते.

घरच्यांना सर्वांत मोठे कोडे घातले ते उंबरठ्याने. पुण्याच्या पेठेतील त्या जुन्या वाड्यात त्यांचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होते. माजघरातून बाहेरच्या खोलीकडे येताना गुरुजी दाराशी येऊन अडत. पाय शहाबादी फरशीला डकवल्यासारखे होत. धड पुढे झुके, टाचा उचलल्या जात, पण पाऊल काही पडत नसे. हेच गुरुजी जिन्याच्या सतरा पायऱ्या मात्र कठड्याला हात लावून सहज उतरत. ज्याला जिना उतरता येतो, त्याला सपाट जमिनीवर का चालता येऊ नये? त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे साऱ्या वाड्याच्या काकूंच्या मनात हा प्रश्न कधी काळजी होऊन येई, कधी संशय होऊन. ‘‘अहो, उचला ना पाय! मघाशी कसे नीट उतरलात?’’ असे म्हणत त्या त्यांना दंडाला धरून ओढत. एकदा अशा ओढण्यात दोघांचाही तोल गेला आणि गुरुजींच्या कपाळाला खोक पडली. खोक यथावकाश भरून आली. परंतु ‘हे मुद्दाम तर करीत नसतील?’ असे क्षणभर आपल्या मनात येऊन गेले, याची बोच काकूंच्या मनातून गेली नाही.

या कोड्याचा उलगडा मेंदूच्या रचनेत आहे. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने अवघ्या सहा रुग्णांवरून या विकाराचे वर्णन लिहिले. त्यांतील काही तर त्याला केवळ रस्त्यात दिसलेले होते. त्यांची ढब आणि चाल हीच त्याची साक्ष होती. त्या चालीचे मूळ पुढे विसाव्या शतकात सापडले. मध्यमेंदूत काळसर पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. त्यांतून डोपामिन नावाचे द्रव्य पाझरते आणि अंगवळणी पडलेल्या हालचाली त्याच्या आधारावर विनासायास घडतात. माणूस चालतो, सही करतो, कूस बदलतो, आणि यांपैकी कशाकडेही त्याचे लक्ष नसते. या पेशी झिजत गेल्या की नेमके हे अंगवळणीपण हरवते. पायांत बळ असते, मनात इच्छाही असते. आतून येणारा इशारा मात्र तोकडा पडतो. अशा वेळी बाहेरून मिळालेली एखादी खूण, म्हणजे डोळ्यांना दिसणारी रेघ किंवा कानांवर पडणारा ठेका, ते काम दुसऱ्या वाटेने करून घेऊ शकते. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी खूण असते. सपाट फरशीवर मात्र पावलाला काहीच सांगितलेले नसते.

ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली लिहून ठेवले आहे, की जमिनीवर चालण्याच्या दिशेला आडव्या रेघा आखल्या, तर अडखळणारा रुग्ण त्या ओलांडीत चालू लागतो; दिशेला समांतर रेघांचा तसा उपयोग होत नाही. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या आरेखिकेलाही आपल्या काकांच्या बाबतीत हेच कोडे पडले होते. जिना उतरणारे काका सपाटीवर अडतात हे पाहून तिने जमिनीवर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र अंथरले, आणि ते त्यावरून चालत गेले. २०१५ साली एका व्याख्यानात तिने हा अनुभव सांगितला.

गुरुजींकडे या गोष्टी आल्या त्या भौतिकोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीच्या रूपाने. पहिल्या दिवशी तिने त्यांचे अक्षर पाहिले आणि काकूंना सांगितले, ‘‘लहान मुलांची दुरेघी वही आणून ठेवा. रोज दहा ओळी, आणि अक्षर दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे.’’ गुरुजी काही बोलले नाहीत. दर जून महिन्यात पहिलीच्या मुलांना त्यांनी हीच वही हाती दिली होती. शिरोरेषा वरच्या रेघेला, अक्षराचा पाय खालच्या रेघेला, हेच सांगितले होते. रात्री त्यांनी वही उघडली. रेघांच्या मध्ये त्यांचे अक्षर पुन्हा मोठे झाले. रेघा नसलेल्या कागदावर ते पुन्हा आकसले.

पुढच्या खेपेला ती पिवळी चिकटपट्टी घेऊन आली आणि माजघरापासून उंबरठ्यापलीकडे दीड-दीड फुटावर आडव्या पट्ट्या लावू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल, या विचाराने गुरुजी अस्वस्थ झाले. ‘‘घराचा फळा करणार का, मुली?’’ त्यांनी विचारले. मग स्वतःच थोडे थांबून म्हणाले, ‘‘म्हणजे पायांनाही दुरेघी.’’ त्यानंतर त्यांनी हरकत घेतली नाही.

त्या मुलीचा अर्धा वेळ काकूंना शिकविण्यात जाई. पाय अडला की ओढायचे नाही, घाई करायची नाही, एका वेळी एकच सूचना द्यायची. आधी थांबायचे, ताठ उभे राहायचे, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर न्यायचा आणि मग एक मोठे पाऊल टाकायचे. वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही; बैलगाडीसारखे मोठे वळण घ्यायचे. खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकायचे, पाय मागे घ्यायचे, मग पुढे झुकून उठायचे. चालताना बोलायचे नाही. व्यायाम गोळीचा अंमल चढलेला असताना करायचा. काकू ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत आणि गुरुजी त्या ठेक्यावर पट्ट्या ओलांडीत. याच पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकाने अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले, त्यामागेही ठेक्याचे हे सामर्थ्य आहे.

हा उपचार आजार बरा करीत नाही, हे त्या मुलीने पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. तरीही गुरुजी आठवड्यातून दोनदा वाचनालयात जाऊ लागले, पडण्याचे प्रसंग कमी झाले, बँकेत सही जुळली. काकूंना जे मिळाले ते याहून वेगळे होते. नवरा हट्टी नाही, अडला आहे, हे त्यांना कळले. या एका कळण्याने घरातील आवाज खाली आला.

पट्ट्या फरशी पुसताना निघत. काकू शाळेची जुनी लाकडी पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसत आणि मोजून नव्या लावीत. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी हे अंतर दीड फुटाऐवजी सव्वा फूट ठेवले. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. पाऊल आता रेघेपर्यंत पोचत नाही, हे त्यांनी पाहिले होते. गुरुजींनी खुर्चीतून ते मोजमाप पाहिले. आयुष्यभर रेघा आखणाऱ्या माणसाच्या नजरेतून तीन इंच सुटणे शक्य नव्हते. ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी गोळीचा अंमल उतरू लागला आणि ते उंबरठ्याशी अडले. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हात पुढे जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत गुंतवून धरले होते. बऱ्याच वेळाने गुरुजींनीच हळू आवाजात ‘एक’ म्हटले. काकूंनी ‘दोन’ म्हटले, आणि पाऊल पडले.